मॅकमास्टर स्लाइडचा मोजणी संच: फेझंटसाठी कितपत कामाचा?

आधी निकाल सांगून टाकू. फेझंट, म्हणजे कोंबडीच्या कुळातले पक्षी, पाळणाऱ्यांनी, त्यांच्यावर संशोधन करणाऱ्यांनी आणि त्यांचं औषधपाणी बघणाऱ्या पशुवैद्यकांनी विष्ठेतली जंतांची अंडी मोजायचा हा संच जवळ ठेवावा. पाचपैकी साडेतीन गुण. स्लाइड जुनी, साधी आणि चोख आहे. कापलेले गुण बहुतेक सोबतच्या माहितीपत्रकाचे आहेत, कारण ते मेंढी आणि घोडा डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेलं असतं आणि फेझंटवाला ते जसंच्या तसं वापरायला गेला की फसतो.

मुळात ही पट्टी मेंढीच्या लेंड्यांसाठीच जन्मली. सिडनीच्या मॅकमास्टर प्रयोगशाळेतल्या गॉर्डन आणि व्हिटलॉक यांनी १९३९ साली जंतांची अंडी मोजण्याची ही रीत प्रसिद्ध केली, आणि प्रयोगशाळेचं नाव पट्टीला कायमचं चिकटलं. कल्पना इतकी सरळ की आजवर फारशी बदललेली नाही. जड द्रावणात विष्ठा कालवायची, अंडी हलकी असल्याने वर तरंगतात, वरच्या काचेच्या खालच्या बाजूला टेकतात आणि तिथेच आखलेल्या चौकटीत ती मोजायची. पट्टीत दोन कप्पे. प्रत्येक चौकट १० बाय १० मिलिमीटर, खाली दीड मिलिमीटर खोली, म्हणजे एका चौकटीखाली ०.१५ मिली द्रव. दोन्ही मिळून ०.३.

गुणाकार इथूनच येतो आणि तो पाठ करण्यापेक्षा समजून घेतलेला बरा. ३ ग्रॅम विष्ठा अधिक ४२ मिली द्रावण म्हणजे ४५ मिली मिश्रण. त्यातलं ०.३ मिली तुम्ही बघता, म्हणजे दीडशेवा भाग. ३ ग्रॅमचा दीडशेवा भाग ०.०२ ग्रॅम. म्हणून दोन्ही चौकटींत मिळून दिसलेली अंडी गुणिले ५० केली की एका ग्रॅममागची अंडी, ज्याला सगळे ईपीजी म्हणतात, ती मिळतात. एकच चौकट मोजली तर गुणिले १००. फेझंटवाल्याला यातला कामाचा भाग असा की ३ ग्रॅमचा आग्रह धरायची गरज नाही, प्रमाण राखलं की झालं. १ ग्रॅमला १४ मिली, २ ग्रॅमला २८ मिली, गुणक ५०च राहतो. लहान पिलाची एक विष्ठा ३ ग्रॅम भरत नाही. माहितीपत्रकातला ३ ग्रॅमचा आकडा गाठायला लोक चार पिलांची विष्ठा एकत्र करतात आणि मग ‘या पिलाचा ईपीजी’ म्हणून वहीत लिहितात. तो चार पिलांचा असतो.

साधारण संचात एक किंवा दोन स्लाइड, ४२ आणि ४५ मिलीवर खुणा असलेली बाटली, ड्रॉपर, गाळणी आणि मिठाची पुडी मिळते. खुणांची बाटली ही यातली सगळ्यात हुशार वस्तू. ४२ पर्यंत द्रावण भरा आणि पातळी ४५ वर येईपर्यंत विष्ठा टाका, वजनकाट्याशिवाय जवळजवळ ३ ग्रॅम झाले. मात्र फेझंटच्या विष्ठेत खडे असतात. पोटातल्या दळणासाठी गिळलेली वाळू आणि बारीक गोट्या विष्ठेतून बाहेर पडतात, त्या आकारमानापेक्षा फार जड असतात. त्यामुळे बाटलीच्या खुणेने आणि काट्याने केलेली मापं जुळत नाहीत. कोणतंही एक धरा, पण दर वेळी तेच. शक्य असेल तर ०.१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा घ्या आणि दिसणारे खडे आधी चिमट्याने काढा.

संचात जे नसतं ते जास्त महत्त्वाचं आहे: हायड्रोमीटर. द्रावण पुरेसं जड झालं की नाही हे त्याशिवाय कळत नाही, आणि हलकं द्रावण हे ‘जंत नाहीत’ अशा खोट्या उत्तराचं एक नेहमीचं कारण आहे. पुडीतलं मीठ दिलेल्या पाण्यात विरघळवलं तरी घनता १.२० येईलच असं नाही. एक लिटर गरम पाण्यात ४०० ग्रॅम मीठ घालून ढवळा. तळाशी थोडं न विरघळता राहिलंच पाहिजे, ते राहिलं तरच द्रावण संपृक्त आहे. गार झाल्यावर गाळा आणि हायड्रोमीटरने १.२० आहे का बघा. न चिकटण्यासाठी रसायन घातलेलं घरगुती मीठ द्रावण गढूळ करतं. त्याने घनता बिघडत नाही, पण मोजताना डोळे शिणतात.

मीठ स्वस्त आणि पातळ, पण त्यात दोन खोडी आहेत. पट्टी तासभर ठेवली की कडेला स्फटिक धरू लागतात आणि कॉक्सिडिया या आतड्यातल्या एकपेशीय परजीवींचे ऊसिस्ट, म्हणजे त्यांच्या अंड्यांसारख्या कवचबंद अवस्था, पाणी गमावून आक्रसतात, बशीसारखे खोलगट दिसतात. फेझंटमध्ये मोजायचं मुख्य काम अनेकदा ऊसिस्टचंच असतं, म्हणून साखरेचं द्रावण एकदा तरी करून बघावं: ३५५ मिली पाण्यात ४५४ ग्रॅम साखर, मंद आचेवर, उकळू न देता. घनता १.२७ च्या आसपास येते. बुरशी धरू नये म्हणून त्यात सहा मिली फॉर्मॅलिन घालतात, ते गार झाल्यावर आणि मोकळ्या हवेत. साखरेत अंडी सुबक राहतात, पण द्रव दाट असल्याने ती वर यायला पाच मिनिटं पुरत नाहीत, दहा द्यावी लागतात. आणि सगळं चिकट होतं. मायक्रोस्कोपच्या फिरत्या मंचावर सांडली साखर दुसऱ्या दिवशी गोंद झालेली असते.

नमुना: निम्मी चूक इथेच

फेझंटची विष्ठा दोन तऱ्हेची असते. नेहमीची आतड्यातली, घट्टसर, वर पांढरा थर. आणि अधूनमधून पडणारी सीकमची, म्हणजे आतड्याच्या दोन आंधळ्या पिशव्यांतली: तपकिरी, चकचकीत, चिकट, मधासारखी ओढली जाणारी. हेटेराकिस हा जंत सीकममध्ये राहतो. आयमेरिया कोल्चिसी, फेझंटच्या कॉक्सिडियांतला सगळ्यात घातक, तोही आपलं मुख्य नुकसान तिथेच करतो. उलट कॅपिलेरियाच्या काही जाती लहान आतड्यात आणि काही चक्क गळ्याच्या पिशवीच्या अस्तरात. म्हणजे तुम्ही कोणती विष्ठा उचलली यावर कोणता जंत सापडणार हे ठरतं. ‘घाण दिसते’ म्हणून सीकमची विष्ठा टाळणारे हेटेराकिस टाळतात. दोन्ही तऱ्हा गोळा करा, वेगळ्या डब्या करा आणि वेगळ्याच मोजा. निदान एकत्र करताना दर वेळी तेच प्रमाण ठेवा.

पांढरा थर युरेटचा, म्हणजे लघवीचा. तो वजनात धरला की ईपीजी खोटा कमी दिसतो. जमेल तितका खरवडून काढावा.

थव्यासाठी दहा ताज्या विष्ठांतून सारखा सारखा भाग घेऊन एक नमुना करायची पद्धत आहे आणि ती ठीक आहे, पण तिचा एक दोष लक्षात ठेवा. जंत सगळ्या पक्ष्यांत सारखे वाटलेले नसतात. थोड्या पक्ष्यांच्या अंगात बहुतेक जंत असतात आणि बाकीचे जवळजवळ मोकळे. दहांत तो एक पक्षी आला तर आकडा उसळतो, नाही आला तर पडतो. त्यापेक्षा एकाच पिंजऱ्यातून तीन-चार वेगळे एकत्रित नमुने करावेत. चारही आकडे जवळ आले तर सरासरीवर भरवसा ठेवता येतो. एक ८०० आणि तीन शून्य आले तर ती सरासरी काढण्याची गोष्ट नाही, तो पक्षी शोधण्याची गोष्ट आहे.

वेळही एकच ठेवा. ऊसिस्ट बाहेर पडण्याचं प्रमाण दिवसभर सारखं नसू शकतं. चिमण्यांसारख्या पक्ष्यांतल्या आयसोस्पोरा या कॉक्सिडियात तर ते दुपारनंतर एकदम वाढतं हे चांगलं ठाऊक आहे. सकाळचा आकडा एकदा आणि संध्याकाळचा दुसऱ्यांदा, अशी तुलना करू नये. नमुना लगेच बघता येत नसेल तर हवाबंद पिशवीत, हवा दाबून काढून, ४ अंशांवर ठेवा. गोठवू नका, अंड्यांची कवचं फुटतात.

आणि हातमोजे. पक्ष्यांच्या विष्ठेत साल्मोनेला आणि क्लॅमिडिया असू शकतात. थव्यात अचानक एकामागून एक मरतूक लागली असेल तर मोजणीचं नावही काढू नका. बर्ड फ्लूची शंका असताना नमुने हाताळायचे नसतात, सरकारी पशुवैद्यकांना कळवायचं असतं.

पट्टी भरताना

विष्ठा थोड्या द्रावणात आधी नीट कालवून गुठळ्या मोडा, मग उरलेलं द्रावण घाला. गाळणीची जाळी ०.१५ मिलिमीटरची असावी. अंडी तिच्यातून सहज जातात, भुसा अडकतो. चहाची गाळणी चालते असं अनेक जण सांगतात. ती चालते, पण दाण्याची टरफलं आणि पिसांचे तुकडे खाली उतरतात आणि चौकटीत नेमके अंड्यांवर बसतात.

आता नेहमीची चूक. अंडी जड द्रावणात मिसळल्या क्षणापासून वर चढू लागतात. गाळलेलं मिश्रण बाजूला ठेवून स्लाइड शोधायला गेलात, परत येऊन ड्रॉपर तळापर्यंत बुडवून भरलात, की तुम्ही अंडी नसलेला थर उचलला. भांडं हलवत, ढवळत असतानाच ड्रॉपर मध्यात बुडवून ओढा आणि लगेच पहिला कप्पा भरा. दुसऱ्या कप्प्यासाठी पुन्हा ढवळा. हा ‘पुन्हा’ फार जण गाळतात, आणि मग दोन कप्प्यांतले आकडे ११ आणि ३ असे आले की स्लाइडला नावं ठेवतात.

कप्पा भरताना ड्रॉपरचं टोक कडेला टेकवून द्रव एका दमात सोडला तर बुडबुडे येत नाहीत. थोडे बारीक बुडबुडे आलेच तर कप्पा रिकामा करून पुन्हा भरा. बुडबुडा अंड्यासारखाच वर चढून त्याच पातळीवर बसतो. काळी जाड कड, आत काहीच नाही, तो बुडबुडा. नवख्याची पहिली शंभर ‘अंडी’ बहुधा हीच असतात.

पाच मिनिटं थांबा. मग दहापट ऑब्जेक्टिव्ह लावून आधी चौकटीच्या रेघेवर फोकस करा, कारण अंडी रेघेच्याच पातळीवर आहेत. फोकस खाली गेला की तळाचा गाळ दिसतो आणि माणूस त्यात अंडी शोधत बसतो. पट्ट्यापट्ट्याने वर-खाली जा. रेघेवर बसलेली अंडी दोन बाजूंचीच धरा, डावी आणि वरची म्हणा, आणि ठरवलं ते पुढे मोडू नका.

ऊसिस्ट हजारोंनी असतील तर मोजताच येत नाहीत. तेव्हा गाळलेल्या मिश्रणातलं १ मिली ९ मिली द्रावणात घालून त्यानेच स्लाइड भरा आणि गुणक ५० च्या जागी ५०० घ्या.

काय दिसतं, काय फसवतं

सिंगॅमस, म्हणजे पक्ष्याला आ वासून श्वास घ्यायला लावणारा श्वासनलिकेतला लाल जंत. त्याची अंडी खोकल्यातून वर येऊन गिळली जातात आणि विष्ठेत येतात. लांबट, ७० ते १०० मायक्रॉन, दोन्ही टोकांना झाकणासारखा उंचवटा, आत पेशींचा पुंजका. कॅपिलेरियाची लहान, पन्नास-साठ मायक्रॉन, लिंबाच्या आकाराची, टोकांना पारदर्शक बुचं. पहिल्या भेटीत दोन्हींची गल्लत होते. कॅपिलेरियाचं बूच कवचाच्या आतून बाहेर डोकावतं आणि कवच जाड, पिवळसर-तपकिरी असतं. सिंगॅमसचं कवच पातळ आणि झाकण वर ठेवल्यासारखं. हेटेराकिसची अंडी गुळगुळीत, जाड कवचाची, बाजू जवळजवळ समांतर. ती ॲस्करिडियाच्या अंड्यांशी आकाराने इतकी मिसळतात की अंड्यावरून वाद घालू नये. मेलेला पक्षी उघडला तर प्रश्न मिनिटात सुटतो: सीकममधला सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरचा पांढरा जंत हेटेराकिस, लहान आतड्यातला पाच सेंटिमीटरहून लांब तो ॲस्करिडिया.

फेझंटच्या बाबतीत हेटेराकिसची मोजणी फक्त फेझंटसाठी नसते. हा जंत हिस्टोमोनास या एकपेशीय जिवाला आपल्या अंड्यात घेऊन फिरतो. फेझंट हेटेराकिसचा उत्तम यजमान, स्वतः बरेचदा धडधाकट. शेजारी टर्की असतील तर हिस्टोमोनासने मरतात त्या. ब्रिटनमध्ये टॉम्पकिन्स आणि सहकाऱ्यांनी २००० साली असाच मुद्दा राखी तितरांबद्दल मांडला होता, की फेझंटकडून येणारा हेटेराकिस त्यांना मागे रेटतो. त्यावर पुढे संशोधकांत वाद झाले, पण एका जागेवर दोन जाती ठेवणाऱ्याने दोन्हींची मोजणी करावी एवढं त्यातून घेता येतं.

आता फसवणारं. गांडुळं खाणाऱ्या पक्ष्याच्या विष्ठेत मोनोसिस्टिस नावाच्या, गांडुळाच्या अंगातल्या परजीवीचे बीजाणू येतात. दोन्ही टोकांना निमुळते, बुचं असल्यासारखे, हुबेहूब छोटं कॅपिलेरिया. फरक फक्त मापाचा, ते निम्म्याहूनही लहान असतात. आयपीसमध्ये मोजपट्टी नसेल तर ही चूक पकडता येत नाही, म्हणून हायड्रोमीटरनंतर दुसरी खरेदी तीच. गंमत अशी की गांडूळ सिंगॅमसच्या अळ्याही साठवून ठेवतं, म्हणजे हे बीजाणू दिसले तर पक्षी सिंगॅमसच्या वाटेवर चरतोय एवढी खूण तरी मिळते. शिवाय खाद्यातल्या माइट किड्यांची अंडी: मोठी, गुळगुळीत, कधी आत पाय दिसतात. परागकणही येतात, पण काटे किंवा जाळीदार नक्षी असली की ते ओळखू येतात.

स्लाइडचा खरा यांत्रिक दोष इथे उघडा पडतो. शंकेचं अंडं जवळून बघावं म्हणून चाळीसपट ऑब्जेक्टिव्ह फिरवला, की वरची काच इतकी जाड असते की भिंग तिच्यावर टेकतं तरी फोकस लागत नाही. नेहमीच्या चाळीसपट भिंगाला नमुन्यापासून अर्ध्या-पाऊण मिलिमीटरवर यावं लागतं, आणि ही काच एक मिलिमीटरच्या आसपास. जोर लावला तर काच तडकते किंवा भिंगाला चरा पडतो. म्हणून ओळख पटवायची असेल तर त्याच मिश्रणाने छोटी परीक्षानळी काठोकाठ भरून वर कव्हरस्लिप ठेवा, दहा मिनिटांनी ती सरळ वर उचलून साध्या स्लाइडवर टेकवा. मॅकमास्टर मोजणीसाठी, कव्हरस्लिप ओळखीसाठी. माहितीपत्रकात हे एका ओळीत लिहिता आलं असतं.

आयमेरियाची जात तर कव्हरस्लिपवरही ताज्या नमुन्यात ठरत नाही. ड्युओडेनॅलिसचे ऊसिस्ट गोलसर आणि कोल्चिसीचे लांबट असतात खरे, पण फासियानीचे दोन्हींच्या मध्ये येऊन गोंधळ घालतात. ऊसिस्ट २.५ टक्के पोटॅशियम डायक्रोमेटमध्ये उथळ थरात, हवा लागेल असे, २५ ते २८ अंशांवर दोन-तीन दिवस ठेवून पिकवले तर आतले बीजकोश दिसतात. हे रसायन विषारी आणि कर्करोगकारक आहे, घरच्या टेबलावरचं काम नाही. संशोधनासाठी जात हवीच असेल तर पीसीआर करून घ्यावा.

शून्य आलं म्हणजे काय आलं?

तुम्ही ०.०२ ग्रॅम बघितलं. खरा ईपीजी ५० असेल तर तेवढ्यात सरासरी एक अंडं असायला हवं, आणि निव्वळ योगायोगाने एकही न सापडण्याची शक्यता ३७ टक्के. १०० असेल तर साडेतेरा टक्के. १५० ला पाच टक्क्यांवर येते. म्हणजे एका स्लाइडवरचं शून्य फार तर ‘१५० च्या वर नसावं’ एवढंच सांगतं, तेही सगळी अंडी नीट तरंगली असं धरून. दहा अंडी सापडली, ईपीजी ५०० लिहिला, तरी खरा आकडा साधारण २४० ते ९२० मध्ये कुठेही असू शकतो. ५०० चे ४०० झाले म्हणून औषध लागू पडलं असं म्हणणाऱ्याने हे वाक्य पुन्हा वाचावं. चार कप्पे, म्हणजे दोन स्लाइड मोजल्या तर गुणक २५ होतो आणि अंदाज सावरतो. संच घेताना म्हणूनच दोन स्लाइडचा घ्यावा.

पण फेझंटमध्ये गणिताहून मोठा फसवा भाग जीवशास्त्राचा आहे. सिंगॅमसच्या अळ्या गिळल्यापासून विष्ठेत अंडी यायला साधारण दोन ते तीन आठवडे लागतात. त्याआधीच अळ्या फुप्फुसांतून वाट काढतात आणि कोवळ्या जंतांच्या जोड्या पिलाची अरुंद नळी अडवू लागतात. पिलू माना ताणून आ वासतंय, स्लाइडवर शून्य. खात्री मेलेल्या पिलाची श्वासनलिका बारीक कात्रीने उभी चिरूनच होते: लाल, इंग्रजी वाय अक्षरासारख्या जोड्या, मादी दोन सेंटिमीटरपर्यंत, नर सहा मिलिमीटरच्या आत आणि तिला कायमचा चिकटलेला. आ वासण्यासोबत डोळ्यांखाली सूज असेल तर मायकोप्लाझ्मा या जिवाणूकडे बघा. तो या पट्टीवर कधीच दिसणार नाही.

कॉक्सिडियाचं उलटं. ऊसिस्ट बाहेर पडतात ते आतड्याचं अस्तर फाटून झाल्यावर. संसर्गानंतर पाचव्या-सहाव्या दिवशी पिलं मरायला लागतात तेव्हा मोजणी नाममात्र असू शकते, आणि आठवड्याने पिंजऱ्यातली वाचलेली, प्रतिकारशक्ती आलेली पिलं लाखांनी ऊसिस्ट टाकत असतात. आकडा शिखरावर, पिलं मजेत. हा आकडा बघून औषध देणं म्हणजे आग विझल्यावर पाणी मारणं. पिलांच्या वाढीच्या काळात आठवड्यातून दोनदा मोजून चढता कल पकडला तरच हा संच कामाचा.

आणि स्पायरोन्यूक्लिअस. पूर्वी हेक्सामिटा म्हणायचे. तीन ते दहा आठवड्यांच्या फेझंटांना खंगवून मारणारा हा चाबूकधारी जीव जड मिठात क्षणात आकसून जातो, त्याला तरंगणारं अंडं नाही. पिलं वाळत चालली आहेत, विष्ठा पिवळी फेसाळ आहे आणि मॅकमास्टर स्वच्छ आहे, तर संचाला दोष न देता वेगळी तपासणी करा: नुकत्याच मेलेल्या पिलाच्या लहान आतड्यातला द्रव, कोमट सलाइनचा थेंब, कव्हरस्लिप, प्रकाश कमी, चाळीसपट. स्पायरोन्यूक्लिअस बाणासारखा सरळ सुसाट जातो, ट्रायकोमोनास हा दुसरा चाबूकधारी जीव जागच्या जागी धडपडत कोलांट्या खातो. मरून काही तास झालेल्या, गार पडलेल्या पिलात दोन्ही निपचित, आणि निपचित जीव गाळापासून ओळखू येत नाही.

औषधानंतरची मोजणी

औषध लागू पडलं का हे बघायला या पट्टीचा सर्वांत चांगला उपयोग होतो, अट एवढीच की औषधाआधी मोजलेलं हवं. पशुवैद्यकाने ठरवलेला कोर्स संपल्यावर दहा ते चौदा दिवसांत, त्याच पिंजऱ्यातून, त्याच पद्धतीने. चौदाच्या पुढे जाऊ नका, कारण जमिनीतून नव्याने लागलेला सिंगॅमस तोवर अंडी घालू लागतो आणि औषधाच्या नावावर बिल फाडलं जातं. रवंथ करणाऱ्या जनावरांसाठी १९९२ च्या जागतिक मार्गदर्शक सूचनांमध्ये आधीची सरासरी १५० ईपीजीहून जास्त हवी अशी अट होती. २०२३ च्या सूचनांनी ती बदलून मायक्रोस्कोपखाली प्रत्यक्ष मोजलेल्या अंड्यांच्या एकूण संख्येवर भर दिला. त्यामागचा हिशेब फेझंटलाही लागू पडतो: आठ अंड्यांची एक झाली तर घट साडेसत्त्याऐंशी टक्के दिसते, पण आठ आणि एक या आकड्यांवर औषधाला नापास करता येत नाही. आधीच्या मोजणीत निदान काही डझन अंडी प्रत्यक्ष दिसेपर्यंत स्लाइड भरत राहा.

मिनी-फ्लोटॅकशी तुलना लोक विचारतात. नेपल्सच्या क्रिंगोली यांच्या गटाची ही चकती. दोन कप्पे एक एक मिलीचे, म्हणजे मॅकमास्टरच्या जवळजवळ सातपट द्रव. २ ग्रॅमला ३८ मिली घेतलं तर गुणक फक्त १०. दहा मिनिटं थांबायचं, मग वरची चकती पाव फेरा फिरवायची, तरंगलेला थर गाळापासून कापला जातो आणि दृश्य खूप स्वच्छ मिळतं. कमी संसर्ग पकडायचा असेल, किंवा प्रकाशित करायच्या संशोधनासाठी आकडे हवे असतील, तर तीच घ्यावी. पण वाचायला वेळ दुपटीहून जास्त लागतो, आणि पिंजऱ्यांच्या रांगेतून रोज वीस नमुने काढणाऱ्याला मॅकमास्टरच झेपतं.

काचेची की प्लास्टिकची? प्लास्टिकची पडून फुटत नाही, पण स्पिरिटने पुसली की धुरकट होते आणि कोरड्या कापडाने चरे पडतात. छापलेल्या रेघा कालांतराने फिकटतात, कोरलेल्या टिकतात, घेताना नखाने चाचपून बघावं. काचेची जास्त स्वच्छ दिसते, पण चिकटवलेली असल्याने गरम पाणी तिला सोसत नाही. दोन्हींना एकच सवय लागते: मोजून झाल्या झाल्या वाहत्या कोमट पाण्याखाली धरायची, कप्प्यातून धार आरपार जाऊ द्यायची, झटकून उभी वाळवायची. मीठ आत सुकलं तर स्फटिक कोपऱ्यात धरून बसतात, आणि पुढच्या नमुन्यात कुणीतरी त्यांनाच कॅपिलेरिया समजून मोजतं.